पैसे दिले म्हणजे लेखाचे हक्क मिळाले?

'क्लायंटने बिल भरलं की ब्लॉगचे सगळे हक्क आपोआप त्याचे होतात.' फ्रीलान्सरांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. भारतीय कायदा असं म्हणत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ उघडून पाहा. मजकुराचा पहिला मालक तो लिहिणारा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी कंपनीची. पण दर लेखाचं बिल पाठवणारा फ्रीलान्सर हा पगारी नोकर नव्हे. गैरसमजाला आधार मिळत असावा तो पुढच्या अपवादामुळे: पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा चित्र, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचं. त्या यादीत लेख नाहीत, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

मग हक्क जातात कसे? कलम १९ प्रमाणे लेखी करारानं, लेखकाच्या सहीनं. करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. त्यामुळे मोघम करार क्लायंटलाही महागात पडतो.

अर्थात घोस्टरायटरने, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं छापण्यासाठी लिहिणाऱ्याने, गोपनीयतेची अट मान्य केली असेल, तर हक्क कुणाकडेही असोत, ती पाळावीच लागते.

आपला शेवटचा करार काढा आणि तीन गोष्टी शोधा: कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशापुरते. सापडल्या नाहीत तर पुढचा लेख पाठवण्याआधी क्लायंटशी बोलून त्या लिहून घ्या.