सरकारवर नाराज आहात का? खरं उत्तर मोजायचं कसं

चीनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आपल्या केंद्र सरकारवर समाधानी आहेत, अशी बातमी कुठल्या ना कुठल्या पाहणीच्या हवाल्याने अधूनमधून येते. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर निष्कर्ष फिरू लागतो: पूर्वेकडची माणसं जात्याच आज्ञाधारक, टीका करणं हे पाश्चात्त्यांचं काम. राशीवरून स्वभाव सांगण्याइतकाच हा निष्कर्ष निराधार आहे. दक्षिण कोरियात २०१६-१७ च्या हिवाळ्यात लोक दर शनिवारी मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले आणि मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांना पद सोडावं लागलं. सीमेपलीकडे उत्तर कोरियात तीच भाषा, तेच पूर्वज, पण सरकारविरुद्ध जाहीरपणे कोणी चकार शब्द काढत नाही. आपल्या पुण्यातही १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि सरकारपुढे लोकांची गाऱ्हाणी उघडपणे मांडू लागली. त्याच वर्षी दंडविधानात राजद्रोहाचं १२४-अ हे कलम आलं आणि १८९७ साली ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. बोलण्याची हौस किती, यापेक्षा बोलण्याची किंमत किती हे आधी पाहायला हवं.

पाहणी करणाऱ्यांची खरी अडचण इथेच सुरू होते. दारात उभा असलेला अनोळखी माणूस कुठून आला आहे, हे उत्तर देणाऱ्याला नक्की ठाऊक नसतं. आफ्रिकेत नियमित होणाऱ्या ‘आफ्रोबॅरोमीटर’ पाहणीत शेवटी मुद्दाम विचारतात, ‘आम्हाला कोणी पाठवलं असं तुम्हाला वाटतं?’ ‘सरकारने’ असं म्हणणारे पुष्कळ निघतात, आणि हुकूमशाही वळणाच्या देशांत त्यांनी सरकारला दिलेले गुण इतरांपेक्षा जास्त असतात.

यावर पहिला तोडगा स्टॅन्ले वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ साली सुचवला. त्याचं आज वापरात असलेलं एक सोपं रूप असं: ‘सरकारवर नाराज आहात का?’ असं विचारलं, की उत्तर देणाऱ्याने लपवून नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. हजारांपैकी ६४० जण ‘हो’ म्हणाले, तर सुमारे ५०० ‘हो’ नाण्याचे. उरलेले १४० हे काटा आलेल्या ५०० जणांतले, म्हणजे नाराजी २८ टक्के. कोणाचं ‘हो’ खरं, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. मात्र घाबरलेला माणूस छापा आला तरी ‘नाही’ म्हणतो आणि सगळा हिशेब कोसळतो.

म्हणून आता यादीचा प्रयोग जास्त वापरतात, आणि तो फार सुंदर आहे. समजा, पुण्यातल्या एका प्रभागात ‘आमच्या नगरसेवकावर माझा विश्वास नाही’ असं मनातून किती जणांना वाटतं, हे शोधायचं आहे. हजार मतदार घ्या आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे पाचशे-पाचशेचे दोन गट करा. पहिल्या गटाला चार साधी विधानं द्या: मी सिंहगड पाहिला आहे, मी रोज दुचाकीने कामाला जातो, मी रोज पीएमपीने कामाला जातो, मी आकाशवाणीवर कार्यक्रम केला आहे. दुसऱ्या गटाला हीच चार आणि पाचवं नगरसेवकाचं. विचारायचं एवढंच, की यातली किती विधानं तुम्हाला लागू पडतात? कोणती, ते सांगायचं नाही. पहिल्या गटाची सरासरी १.६२ आणि दुसऱ्याची १.९७ आली, तर फरक ०.३५, म्हणजे ३५ टक्के लोकांचा विश्वास नाही.

विधानं अशीच का? एखाद्याला चारही लागू पडली, तर ‘पाच’ म्हणताच त्याचं गुपित उघडं होतं. म्हणून एक विधान जवळजवळ सगळ्यांना लागू पडणारं, एक जवळजवळ कोणालाच न पडणारं, आणि दोन एकमेकांना छेद देणारी: दुचाकीवाला सहसा बसने जात नाही. या जोडीचा दुसरा फायदा गणिती आहे. यादी कशीही बनवली आणि उत्तरांचं प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचं माप, १ च्या आसपास गेलं, तर पाचशेच्या दोन गटांत फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो किती हलू शकतो याचं माप, √(१/५०० + १/५००) = ०.०६३ येते. साधारण त्याच्या दुप्पट चूक धरायची असते, म्हणजे निष्कर्ष अधिक-उणे १२ टक्के! विचलन ०.७ वर आणलं, तर हीच चूक ९ टक्क्यांच्या आत येते. त्याच हजार जणांना थेट विचारलं असतं, तर ती ३ टक्के असती. विचलन १ असताना थेट प्रश्नाइतकी अचूकता हवी असेल, तर १६,००० माणसं लागतील. गुप्ततेची ही किंमत आहे, आणि म्हणूनच तीन-चारशे जणांवर केलेल्या अशा प्रयोगावर विश्वास ठेवू नये. टीव्हीवरच्या ‘आमचा कौल’ छाप मतदानाचं तर नावच नको. तिथे चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुनाच नसतो, ज्याला वाटेल तो मत देतो.

प्रत्यक्षात घोटाळा बहुधा वाचताना होतो. विचारणारा एकेक विधान वाचून थांबतो, समोरचा लगेच ‘हो’, ‘नाही’ म्हणत जातो, आणि गुप्तता तिथेच संपते. यादी छापील कार्डावर हातात द्यावी आणि फक्त आकडा विचारावा.

रशियात २०१५ साली पुतिन यांना खरा पाठिंबा किती, हे पाहायला यादीचा हा प्रयोग झाला. थेट प्रश्नाला ८५ टक्क्यांहून जास्त पाठिंबा, यादीने सुमारे ८०. म्हणजे तेव्हाची लोकप्रियता बरीचशी खरी होती. चीनमध्ये २०२० साली थेट विचारल्यावर ९० टक्क्यांच्या वर गेलेला पाठिंबा यादीने ५० ते ७० वर आला. मात्र लांब यादीत लोक एरवीही थोडं कमी मोजतात, तेव्हा सगळी घट भीतीच्या खात्यावर टाकता येत नाही.

आणि चीनमध्ये लोक गप्पच असतात, असंही नाही. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१३ साली दाखवलं की सरकारवर सडकून टीका करणारा मजकूरही तिथल्या समाजमाध्यमांवर बऱ्याचदा टिकतो. पुसला जातो तो लोकांना एकत्र जमवू शकेल असा मजकूर, मग त्यात सरकारची स्तुती का असेना.

भीती वगळली तरी देशांची तुलना एका जागी अडते: ‘बऱ्यापैकी’ कशाला म्हणायचं, याची पट्टी प्रत्येक समाजात वेगळी असते. ‘सरकारदरबारी तुमचं कितपत चालतं?’ या प्रश्नावर चिनी लोकांनी मेक्सिकोच्या लोकांपेक्षा स्वतःला वरचे गुण दिले होते, आणि मेक्सिकोने तर २००० साली ७१ वर्षांचा सत्ताधारी पक्ष मतपेटीतून घालवला होता. किंग आणि सहकाऱ्यांनी (२००४) प्रश्नासोबत काही काल्पनिक माणसं दिली. एकाला पिण्याचं स्वच्छ पाणी मिळत नाही, त्याला मत देता येत नाही, तो मुकाट्याने सोसतो आहे. त्याचं कितपत चालतं, तेही सांगा. ४० टक्क्यांहून जास्त चिनी उत्तरदात्यांनी स्वतःला या माणसाच्याही खाली ठेवलं, आणि दोन देशांचा क्रम उलटला. पुण्यात पाणीपुरवठ्यावर अशी पाहणी करायची असेल, तर काल्पनिक माणसांचे प्रश्न आधी आणि स्वतःबद्दलचा नंतर ठेवावा. त्यामुळे सगळे उत्तर देणारे पट्टीचा अर्थ साधारण सारखा लावतात.