वाचकांनी झिजवलेली, वाचकांनीच राखलेली घरं

इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावी शेक्सपिअरने शेवटची वर्षं ज्या घरात काढली, त्या ‘न्यू प्लेस’च्या बागेत तुतीचं एक झाड होतं. ते त्याने स्वतःच्या हाताने लावलं, असं गावातले लोक सांगत. अठराव्या शतकाच्या मध्याला हे घर फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या धर्मगुरूने घेतलं. झाड बघायला येणाऱ्यांनी त्याला इतकं भंडावलं की १७५६ मध्ये त्याने झाडच तोडून टाकलं. चिडलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. पुढे १७५९ मध्ये, करावरून गावाशी बिनसल्यावर, त्याने घरही पाडलं.

आज ब्रिटनमध्ये पुस्तकातल्या आणि मालिकेतल्या जागा बघायला जगभरातून लोक जातात. ही ओढ किती जुनी आहे आणि पहिल्यापासून ती किती हाताबाहेर जाणारी होती, हे या एका झाडावरून कळतं. झाड तुटल्यावर थॉमस शार्प नावाच्या स्थानिक कारागिराने त्याचं लाकूड विकत घेतलं आणि डब्या, पेले असल्या वस्तू करून तो वर्षानुवर्षं विकत राहिला. एका झाडातून एवढ्या वस्तू निघतातच कशा, असं लोक विचारू लागले. अखेर १७९९ मध्ये, मरणाच्या दारात असताना, सगळं लाकूड त्याच झाडाचं होतं असं त्याने शपथेवर लिहून दिलं. डेव्हिड गॅरिक या नटाला गावाने मानपत्र दिलं तेही याच लाकडाच्या पेटीतून. गॅरिकने १७६९ मध्ये स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा तीन दिवसांचा मोठा उत्सव भरवला. पावसाने त्याची पार दाणादाण उडाली, पण गावाचं नाव जे झालं ते कायमचं.

स्ट्रॅटफर्डमधल्याच हेन्ली स्ट्रीटवरच्या शेक्सपिअरच्या जन्मघराची कथाही अशीच आहे. ज्या खोलीत तो जन्मला असं मानतात, तिच्या भिंती पाहुण्यांच्या सह्यांनी भरून गेल्या होत्या. खिडकीच्या काचांवर लोकांनी हिऱ्याने नावं कोरली, त्यात वॉल्टर स्कॉटचंही आहे. तिथे शेक्सपिअरची म्हणून एक खुर्ची दाखवत. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने लिहून ठेवलंय की बसणाऱ्यांच्या भाराने तिची बैठक दर तीन वर्षांत एकदा तरी नवी घालावी लागे. १८४७ मध्ये हे घर लिलावात निघालं. अमेरिकन सर्कसवाला बार्नम ते उचलून परदेशी नेणार, अशी चर्चा उठली. तेव्हा डिकन्ससारखे लेखक आणि असंख्य सामान्य वाचक पुढे आले, वर्गणी झाली आणि ३,००० पौंडांना घर देशासाठी घेतलं गेलं. ज्या गर्दीने हे घर झिजवलं, तिनेच ते वाचवलं. मला या सगळ्या इतिहासाचं सार इथे दिसतं.

नुसत्या पाटीने घर वाचत नाही. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर पाट्या लावायला सुरुवात झाली ती १८६७ मध्ये, कवी बायरनच्या जन्मघरापासून. १८८९ मध्ये ते घर पाडलं गेलं. याउलट किंग हेन्रीज रोडवरचं दहा क्रमांकाचं घर बघा. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं, म्हणून आज आपल्याला त्याचा उंबरा ओलांडता येतो.

यॉर्कशरमधल्या हॉवर्थवर मात्र थोडं थांबायला हवं. १८२० मध्ये पॅट्रिक ब्रॉन्टे हे धर्मगुरू कुटुंबासह तिथे आले. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या त्यांच्या मुलींच्या कादंबऱ्या गाजल्या, पण लोक खऱ्या अर्थाने लोटले ते १८५७ मध्ये एलिझाबेथ गॅस्केलने लिहिलेलं शार्लटचं चरित्र आल्यावर. तोवर सगळी मुलं गेलेली, म्हातारे वडील तेवढे मागे उरलेले. शार्लटच्या हस्ताक्षरासाठी लोक पत्रं धाडत. मग हा बाप लेकीची पत्रं कात्रीने कापायचा आणि एकेक तुकडा अनोळखी माणसांना पाठवायचा. दोन-चार शब्दांचे ते कपटे. कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसावं. हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं.

त्याच्यानंतर आलेल्या धर्मगुरूने १८७९ मध्ये जुनं चर्च मनोरा सोडून पाडलं आणि नवं बांधलं. विरोध पुष्कळ झाला, उपयोग झाला नाही. १८९३ मध्ये ब्रॉन्टे सोसायटी उभी राहिली, दोन वर्षांनी बँकेच्या माडीवर छोटं संग्रहालय निघालं आणि १९२८ मध्ये खुद्द ब्रॉन्ट्यांचं घरच संग्रहालय झालं.

गावाबाहेरच्या माळरानावर टॉप विदन्स नावाचं पडकं शेतघर आहे. एमिलीच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबरीतलं घर ते हेच, अशा समजुतीने लोक मैलोन्‌मैल चालत तिथे जातात. सोसायटीने १९६४ मध्ये तिथे दगडी पाटी बसवली. हे घर धडधाकट होतं तेव्हाही कादंबरीतल्या घराशी त्याचं साम्य नव्हतं, फार तर माळावरची ही जागा एमिलीच्या मनात असेल, असं त्या पाटीवर सरळ सांगितलंय. भक्तांनीच उभारलेल्या संस्थेने भक्तांना इतकं खरं सांगावं, याचा मला फार आदर वाटतो. लोक पाटी वाचतात आणि तरीही भिंतीला टेकून वाऱ्यात बसून राहतात.

कल्पित पात्रांचे पत्ते शोधणंही जुनंच. शेरलॉक होम्स हा गुप्तहेर कथांमध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१ बी क्रमांकाच्या घरात राहतो, पण त्याची पहिली कथा १८८७ मध्ये आली तेव्हा तिथे २२१ क्रमांकाचं घरच नव्हतं. पुढे रस्त्याचे क्रमांक वाढले आणि तो पत्ता एका वित्तसंस्थेच्या इमारतीत आला. होम्सच्या नावाने इतकी पत्रं येऊ लागली की उत्तरं द्यायला तिथे खास सेक्रेटरी नेमावी लागली.

टीव्हीने यात एक मोठा फरक केला. आता लेखकाचं घर नको, कॅमेरा जिथे लागला ती जागा हवी. १९९५ मध्ये बीबीसीने जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही मालिका दाखवली आणि चेशरच्या लाइम पार्कला गर्दी उसळली. ऑस्टिनचा त्या वाड्याशी काही संबंध नव्हता, पण कादंबरीचा नायक डार्सी याचा वाडा म्हणून पडद्यावर तोच दिसला होता. ‘हार्टबीट’ मालिकेने गोथलंड या यॉर्कशरच्या खेड्याची हीच गत केली. हायक्लेअर वाड्याच्या दुरुस्तीचा खर्च मालकांना झेपत नव्हता. २०१० मध्ये तिथे चित्रित झालेली ‘डाउन्टन अॅबी’ ही मालिका सुरू झाली आणि तिकिटांच्या पैशांतून कामं मार्गी लागली.

आणि वेल्सच्या किनाऱ्यावर, फ्रेशवॉटर वेस्टला, वाळूच्या टेकाडावर एक थडगं आहे. हॅरी पॉटरच्या २०१० च्या चित्रपटात डॉबी या घरगड्या जिवाला तिथे पुरलं. मोजा मिळाला म्हणून तो गुलामीतून सुटला होता. त्यामुळे येणारे लोक तिथे मोजे ठेवू लागले, गोट्यांवर रंगाने निरोप लिहू लागले. लहान मुलांचे रंगीत मोजे, दगडाखाली दाबलेले, पावसाने भिजलेले. रंगाचे पोपडे समुद्रात जाऊ लागले, तेव्हा जमीन सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने लोकांची मतं मागवली. हजारोंनी ती कळवली. २०२२ मध्ये निर्णय झाला: थडगं तूर्त राहील, या, फोटो काढा, पण मोजे घरी परत न्या.