चांगला शेअर शीटमध्ये अचानक ‘नापास’ का होतो?

(आमच्या शेअर-चाळणीच्या शीटमध्ये भावकॉपी, म्हणजे शेअर बाजाराची रोजच्या भावांची फाइल, स्वतः चिकटवणाऱ्या ग्राहकांसाठी)

बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) लागू झाले की आमच्याकडे ठरलेला फोन येतो: ‘कालपर्यंत हिरवा होता, आज लाल. शीट बिघडली.’ शीट ठीक असते. एक्स-डेटच्या, म्हणजे शेअर बोनस-स्प्लिटनंतरच्या नव्या भावाने चालू लागतो त्या दिवसाच्या, आधीचे भाव जुन्या मापात राहिलेले असतात.

रिलायन्सच्या 1:1 बोनसची एक्स-डेट होती सोमवार, 28 ऑक्टोबर 2024. शुक्रवारचा बंद भाव अडीच हजारांच्या वर, सोमवारचा तेराशेच्या घरात. भागधारकाचं काही गेलं नाही, शेअर दुप्पट झाले. पण शीटला दिसते ती पन्नास टक्क्यांची पडझड. भाव 50, 150 आणि 200 दिवसांच्या सरासऱ्यांखाली, 52 आठवड्यांच्या उच्चांकापासून 25 टक्क्यांत असण्याची अटही गेली. चार दिवसांत जुळेल म्हणून थांबू नका. जुने भाव 200 च्या सरासरीतून बाहेर पडायला साडेनऊ महिने लागतात, उच्चांकातून वर्ष.

उपाय ‘फॅक्टर’ पानावर आहे. शेअरचं चिन्ह, एक्स-डेट आणि फॅक्टर (जुन्या भावांना गुणायचा आकडा) भरा. 1:1 बोनसला 0.5. स्प्लिटमध्ये दर्शनी मूल्य 10 वरून 1 झालं तर 0.1. घोळ होतो 1:2 बोनसमध्ये: दोनावर एक मिळतो, म्हणजे दोनाचे तीन, म्हणून फॅक्टर 0.6667. इथे हमखास 0.5 टाकलं जातं. एक्स-डेटच्या आधीच्या ओळींमधला बंद, उच्च आणि नीचांकी भाव फॅक्टरने गुणला जातो, व्हॉल्यूम (उलाढाल झालेल्या शेअरची संख्या) भागला जातो. एक्स-डेटच्या ओळीला हात लावायचा नाही.

तारीख एक्स-डेटचीच हवी, घोषणेची नव्हे. हल्ली रेकॉर्ड डेट (बोनस कोणाला मिळणार हे ज्या दिवसाच्या यादीवरून ठरतं ती) बहुधा त्याच दिवशी असते, पण नेहमी नाही. एचडीएफसी बँकेच्या बोनसची रेकॉर्ड डेट 27 ऑगस्ट 2025, नेमकी गणेश चतुर्थी, बाजार बंद. शेअर 26 लाच एक्स-बोनस झाला.

‘हे आपोआप का करत नाही?’ कारण काही जण भावकॉपी चिकटवतात, काही जण आधीच दुरुस्त झालेला डेटा. दुरुस्त डेटाला पुन्हा 0.5 चा फॅक्टर लागला तर जुने भाव चतकोर होतात आणि पडता शेअरसुद्धा हिरवा दिसतो. लाल चूक निदान डोळ्यांत भरते, हिरवी चूक पैसे नेते. म्हणून एक्स-डेटच्या आदल्या सत्राचा (बाजार चालू असलेल्या दिवसाचा) भाव आधी पाहा. रिलायन्सला तिथे तेराशेच्या आसपास आकडा असेल, तर फॅक्टर टाकू नका.

जाता जाता: 200 दिवस म्हणजे 200 सत्रं. आजच्या तारखेतून 200 वजा केलेत तर जेमतेम 135 सत्रं हाती येतात. आम्ही तारखा न मोजता ओळी मोजतो, म्हणून मधली ओळ पुसू नका. आणि हिरवा म्हणजे ‘घ्या’ असं नाही. ही चाळणी आहे, शिफारस आम्ही देत नाही.

वार्षिक वर्गणीदारांना भरलेलं ‘फॅक्टर’ पान दर शनिवारी मिळतं, त्यांच्याकडून हा फोन सहसा येत नाही. बाकीच्यांनी फोनआधी एक्स-डेट आणि तिच्या आदल्या सत्राची, अशा दोन ओळी व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात. नुसत्या लाल चौकोनाच्या फोटोवरून काही सांगता येत नाही.