व्हिटलम–फ्रेझर अध्यासन

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासासाठी असलेले अभ्यागत प्राध्यापकपद. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने ऑस्ट्रेलिया सरकारने दिलेल्या देणगीतून ते सुरू झाले. हार्वर्डमध्ये कॅनडासाठी असे अध्यासन १९६७ पासूनच होते. त्याला मॅकेन्झी किंग या माजी कॅनेडियन पंतप्रधानांचे नाव आहे. किंग हार्वर्डचेच पीएच.डी., तेव्हा त्यात नवल नाही. ऑस्ट्रेलियाच्या अध्यासनाचे पुढे रूढ झालेले जोडनाव मात्र चकित करते.

१९७५ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात माल्कम फ्रेझर यांच्या विरोधी पक्षाने सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, खर्चाची विधेयके अडवून धरली. ११ नोव्हेंबरला राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ करून फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमले. कर यांचे सचिव संसदेच्या पायऱ्यांवर विसर्जनाची घोषणा वाचत असताना धिप्पाड व्हिटलम त्यांच्या मागेच उभे होते. वाचन ‘गॉड सेव्ह द क्वीन’ने संपताच त्यांनी माईकवरून सुनावले : देवाने राणीला तारावे असे खुशाल म्हणा, पण गव्हर्नर जनरलला आता कोणीच तारणार नाही! डिसेंबरच्या निवडणुकीत मात्र व्हिटलम यांचाच लेबर पक्ष सपाटून हरला. एका खुर्चीवरून इतके रामायण झालेले हे दोघे अध्यासनाच्या नावात शेजारी-शेजारी बसले आहेत. प्रत्यक्षातही पुढे त्यांचे सूर जुळले. राणीऐवजी राष्ट्राध्यक्ष असावा का, यावरच्या १९९९ च्या सार्वमतात दोघांनी मिळून प्रजासत्ताकाचा प्रचार केला.

सरकारी पैशावरचे अध्यासन म्हणजे त्या सरकारची जाहिरात, अशी शंका नेहमी घेतली जाते. इथे ती टिकत नाही. व्हिटलमच्या बडतर्फीवर उघड टीका करणारे इतिहासकार मॅनिंग क्लार्क १९७८-७९ मध्ये, आणि खुद्द व्हिटलम १९७९ मध्ये या पदावर होते. दोन्ही वेळा कॅनबेरात पंतप्रधान होते फ्रेझरच.

प्राध्यापक साधारण वर्षभरासाठी येतो आणि आपापल्या विषयाच्या विभागात शिकवतो. इतिहासकार जेफ्री ब्लेनी (१९८२-८३), कवी ख्रिस वॉलेस-क्रॅब (१९८७-८८), सस्तन प्राण्यांचे अभ्यासक टिम फ्लॅनरी (१९९८-९९) ही यादी पाहिली तरी विषयांचा पल्ला कळतो. उणीवही त्यातच आहे : एखाद्या विद्यार्थ्याला वसाहतींच्या इतिहासाची गोडी लागावी, तोवर वर्ष सरते आणि पुढच्या वर्षी वर्गात कांगारूंच्या उत्क्रांतीचा जाणकार उभा असू शकतो.