रोज पुसल्याने गाडीचा रंग टिकतो का?

गाडी रोज सकाळी पुसून घेतली की तिचा रंग टिकतो, हा समज मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षे पक्का बसला आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे.

ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी गेला की जमिनीवरून येणारे कोरडे वारे सुरू होतात आणि बांधकामांची, रस्त्यांची धूळ गाड्यांवर साचू लागते. या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात, आणि ते रंगावरच्या पारदर्शक लेपापेक्षा कितीतरी कठीण असतात. तो लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असल्याने, कोरड्या किंवा एकाच बादलीत वारंवार बुचकळलेल्या फडक्याने पुसताना हे कण त्यावर घासले जातात आणि उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटतात. दोष पुसणाऱ्याचा नाही. दहा गाड्यांना एक बादली पाणी मिळाल्यावर त्याने तरी काय करावे?

आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग सावलीत, गाडीसाठीच्या शाम्पूने आणि दोन बादल्या वापरून, एक शाम्पूची व दुसरी गाडी धुण्याचा हातमोजा खळबळण्याची, वरून खाली धुवावे आणि मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने टिपावे. भांड्यांचा साबण टाळावा, कारण तो आधी लावलेले मेणही कमी करतो. त्यानंतर मेणाचा पातळ थर द्यावा. आपल्या उन्हात तो काही आठवडेच टिकतो, त्यामुळे हिवाळा संपण्यापूर्वी पुन्हा लावावा लागतो.