डीव्हीडी चालते, सीडी का चालत नाही?

लग्नाची डीव्हीडी झकास चालते, पण अहिराणी गाण्यांची जुनी व्हीसीडी टाकली की ड्राइव्ह नुसता घरघर करतो आणि वर 'डिस्क टाका' म्हणतो. जळगाव-धुळ्याकडे ज्या घरात जुना डेस्कटॉप अजून तग धरून आहे, तिथे अशा वेळी खापर डिस्कवर फुटतं, नाहीतर विंडोज नव्याने टाकायची घाई होते. आधी कोणती डिस्क चालते आणि कोणती नाही, ते नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

व्हीसीडी म्हणजे सीडीच. ती वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त लेसर लागतो; डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. सीडीवर शेजारशेजारच्या दोन ओळींत १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४. म्हणून तेवढ्याच तबकडीवर ७०० एमबीऐवजी ४.७ जीबी मावतात. मग बारीक वाचणाऱ्या लाल लेसरनेच सीडीही का वाचू नये? सुरुवातीच्या काही डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तसं करून झालं. छापील सीडी चालल्या, बर्न केलेल्या मात्र वाचता येईनात, कारण त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर ७८० नॅनोमीटरच्या हिशेबाने बनवलेला असतो. तेव्हापासून ड्राइव्हमध्ये दोन लेसर बसवू लागले. त्यातला एक थकला तरी दुसरा ठणठणीत राहू शकतो. सगळ्या सीडी नापास आणि सगळ्या डीव्हीडी पास असतील, तर केबल हलवत बसू नका, ड्राइव्ह बदला.

दोन्ही अडखळत असतील तर पहिला संशय धुळीचा. आपल्याकडे तिची काय कमतरता? वैशाखातला फुफाटा, जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचे तंतू. कॅबिनेटचा पंखा हवा ओढतो, तिच्याबरोबर हेही आत येतं आणि वाटाण्याहून लहान भिंगावर बसतं. हे भिंग बारीक तारांवर तरंगतं ठेवलेलं असतं, म्हणून जोर लावायचा नाही. वीज बंद करून, सुती काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा देऊन हलकेच पुसावं. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे शिंतोडे बसतात.

ड्राइव्ह 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसतच नसेल तर प्रकरण वेगळं. ट्रे उघडतो म्हणजे वीज पोचते आहे. मग साटा केबल (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी) आणि पोर्ट बदलून पाहा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, दिसतो पण विंडोजमध्ये नाही? डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

ट्रे अडकला तर दोष बहुधा आतल्या रबरी पट्ट्याचा. जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो. उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेलं रबर सैल पडून घसरतं. मशीन बंद करून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घाला, ट्रे बाहेर सरकतो.

एवढं करूनही एखादीच सीडी हटून बसली, तर दोष तिचाच. चमकती बाजू सगळे जपतात, पण सीडीचा माहितीचा थर असतो छापील बाजूला, लेबलच्या लगेच खाली. डीव्हीडीत तो जाडीच्या मधोमध सुरक्षित असतो. सीडी उजेडासमोर धरा. आरपार उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला थरच उडालाय. खालून कितीही पुसली तरी ती वाचली जाणार नाही.