मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलंय? आठ दिवसांत पुन्हा तपासू नका

शाळा-कॉलेजं सुरू झाली की आमच्या लॅबमध्ये बारा ते अठरा वर्षांच्या मुलींचे सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी) वाढतात. हिमोग्लोबिन ९ किंवा १० येतं, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात आणि आठव्या दिवशी आई मुलीला घेऊन परत येते, "किती वाढलं ते बघा." आकडा जवळपास तोच निघतो. मग गोळीचा ब्रँड बदलतो, नाहीतर आमच्या मशीनवर संशय येतो. पैसे जातात, मुलीला सुई विनाकारण टोचली जाते.

गोळी सुरू झाल्यावर नव्या तांबड्या पेशी सात ते दहा दिवसांत रक्तात दिसू लागतात, पण हिमोग्लोबिन हलायला दोन-तीन आठवडे लागतात. चार आठवड्यांत साधारण १ ते २ ग्रॅम वाढलं तर औषध लागू पडतंय असं समजा. या वयात १२ च्या खाली म्हणजे कमी. ८ च्या खाली असेल, किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी लवकर तपासणी सांगितली असेल तर आम्ही करतोच. चिठ्ठी नसेल तर काउंटरवर आम्ही "महिन्यानं या" म्हणतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

०.३-०.४ च्या फरकावरून काही ठरवू नका. मे महिन्यात पाणी न पिता उन्हातून आलेल्या मुलीचं रक्त घट्ट होतं, आकडा थोडा जास्त दिसतो. बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं, तिथे तो कमी दिसू शकतो. म्हणून आम्ही शिरेतूनच रक्त घेतो आणि जांभळ्या झाकणाची नळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट करतो. तरीही कधी गुठळी होते. तसा नमुना आम्ही मशीनला लावत नाही, दुसरा मागतो, कारण त्यातून निघालेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. महिना झाला, गोळ्या संपल्या, तरी आकडा तिथंच. अशा वेळी आम्ही पहिलं विचारतो ते चहाचं. सकाळी तर्री-पोहे, त्यावर चहा आणि चहाच्याच घोटाबरोबर गोळी, असं बऱ्याच घरांत चालतं. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि ते आतड्यात शोषलं जात नाही. दूध, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं औषधही आडवं येतं. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर द्या. आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-दूध नको. संत्र्यांचा हंगाम असेल तर गोळीसोबत एक संत्रं द्या, क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. बीट लाल असलं तरी त्यात लोह फारसं नसतं, त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

शौचाला काळं होणं हे सहसा गोळीमुळे, घाबरू नका. मळमळत असेल तर थोडं खाऊन द्या, किंवा एक दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा. परस्पर बंद करू नका. १२ झालं की गोळी थांबवणं हीसुद्धा नेहमीची चूक. शरीरातला लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने आणखी लागतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी प्रतिबंधासाठी असते, उपचाराला ती पुरत नाही. पण मिळत असेल तर डॉक्टरांना सांगा.

फॉर्मवरचा पाळीचा रकाना कृपया रिकामा सोडू नका. दर तासा-दोन तासाला पॅड भिजतं, सात दिवसांहून जास्त रक्त जातं किंवा मोठ्या गुठळ्या पडतात, तर गोळीनं आलेलं लोह तिकडेच निघून जातं. यासाठी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांनी येणं चालतं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर मात्र दाखवा.

गोळी नीट घेऊनही आकडा हलत नसेल, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी आणि तांबड्या पेशींची संख्या भरपूर असेल, तर मुलगी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे का, याचा विचार होतो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बराच आहे. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या तपासणीत दोन्ही कळतात आणि ती सहसा एकदाच करावी लागते. गेल्या तीन महिन्यांत मुलीला रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, रिपोर्ट चुकतो.

सीबीसीला उपाशीपोटी यायची गरज नाही, पाळी चालू असली तरी चालतं. लघवीची तपासणी मात्र पाळी संपल्यावर. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ताप उतरल्यावर दोन आठवड्यांनी करा, तापात ते खोटं वाढलेलं दिसतं. सीरम आयर्नसाठी (रक्तातलं लोह मोजण्यासाठी) सकाळी उपाशीपोटी या आणि आदल्या दिवसाची गोळी डॉक्टरांना विचारून वगळा.

मोठं पॅकेज आम्ही सुचवत नाही. पहिल्यांदा सीबीसी आणि फेरिटिन पुरतं, थायरॉईड वगैरे डॉक्टर म्हणतील तेव्हा. मुलींचं रक्त आमच्याकडे ताईच घेतात. येताना जुना रिपोर्ट आणि गोळ्यांची पट्टी आणा, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून समजावून सांगू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.